वाचकांचे प्रश्न : पियानो थांबला असता तर?

प्रश्न : 'अंधाधुन' नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. त्यातली गाणी नुसती लावून ऐकली तर छान वाटतात, पण जीव टांगणीला लागत नाही. चित्रपटातला पियानो मात्र अंगावर काटा आणतो. असे का व्हावे? संगीतकार म्हणून अमित त्रिवेदी यांचे नाव आहे, तर हा परिणामही त्यांचाच म्हणावा का?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : श्रेयाचा प्रश्न आधी निकालात काढतो. गाणी अमित त्रिवेदी यांची आहेत आणि त्यांतली बहुतेक जयदीप साहनी यांनी लिहिली आहेत. पार्श्वसंगीत मात्र डॅनियल बी. जॉर्ज यांचे आहे; दिग्दर्शक श्रीराम राघवन यांच्या 'जॉनी गद्दार' (2007) या चित्रपटाचे पार्श्वसंगीतही त्यांनीच केले होते. हिंदीत 'संगीत' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त गाणी येतात आणि पार्श्वसंगीत करणाऱ्याचे नाव पडद्यावरून सरकून जाते, ही जुनीच खोड आहे.

आता काट्याविषयी. एरवी रहस्यपटात व्हायोलिन कण्हू लागते ते फक्त आपल्याला ऐकू येते. पडद्यावरच्या माणसांना त्याची गंधवार्ताही नसते. इथला पियानो पात्रांनाही ऐकू येतो, आणि सगळा फरक तिथे पडतो. आंधळ्याचे सोंग घेतलेला आकाश (आयुष्मान खुराना) पुण्यातल्या एका घरात वाजवायला बसतो, वाजवता वाजवता त्याला जमिनीवर पडलेल्या माणसाचे पाय दिसतात, आणि त्या क्षणापासून त्याची बोटे आणि त्याचे डोळे यांचा संबंध तुटल्यासारखे त्याला वागावे लागते. त्या घरची मालकीण सिमी (तब्बू) आणि तिचा साथीदार त्याच खोलीत, एकही शब्द न बोलता, प्रेताची विल्हेवाट लावू लागतात. आंधळ्याला काही दिसत नाही, पण ऐकू येते, हे त्या दोघांना पक्के माहीत असल्याने त्यांना आवाज करण्याची सोय नाही. आणि आकाशला आवाज थांबवण्याची सोय नाही. तो अडखळला, एखादा सूर चुकला किंवा नुसता रेंगाळला, तरी 'मी पाहिले' अशी कबुलीच दिल्यासारखे होईल. एरवी जी धून आपण हॉटेलात चहा पिताना कानाआड केली असती, तिच्यावर इथे एका माणसाचा जीव अवलंबून आहे.

आपण साखर पेठेतले, म्हणून घरचे उदाहरण देतो. सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांचा खटखटाट दिवसभर चालू असतो आणि तिथे वाढलेल्या माणसाला तो ऐकूही येत नाही. पण धागा तुटून एकच माग थांबला, तर बाकीचे चालू असतानाही विणकराची मान नेमकी त्याच बाजूला वळते. प्रसंगभर आपले कान त्या विणकरासारखेच ताणलेले असतात. म्हणूनच ती धून चित्रपटाबाहेर काढून ऐकली की निव्वळ गोड उरते.

या कथेचे बीज 2010 सालच्या एका फ्रेंच लघुपटात आहे आणि त्याचा नायक पियानोचे सूर जुळवून देणारा आहे. राघवन यांनी त्याला मैफलीतला वादक केले, हा बदल माझ्या मते फार शहाणपणाचा आहे. सूर जुळवणाऱ्याने पट्टी दाबून मध्येच थांबले तर ते कामाचाच भाग वाटते. वादकाला ती सवलत नाही.

प्रश्न : संगीताचा असा वापर हिंदीत प्रथमच झाला का?

उत्तर : मुळीच नाही, आणि याची आठवण कोणी काढत नाही याचे मला वाईट वाटते. गुरुदत्त यांच्या 'बाजी'मध्ये (1951) गीता बाली 'सुनो गजर क्या गाए' हे गाणे म्हणते ते क्लबातल्या गिऱ्हाइकांसाठी नव्हे. जिवावर बेतलेल्या देव आनंदला सावध करण्यासाठी म्हणते. राज खोसला यांच्या 'सी.आय.डी.'मध्ये (1956) तर वहिदा रहमान 'कहीं पे निगाहें कहीं पे निशाना' गात खलनायकाला गुंतवून ठेवते, ते नायकाला निसटता यावे म्हणून. शमशाद बेगम यांचा तो ठसकेबाज आवाज आणि ओ. पी. नय्यर यांचा ठेका ऐकताना आपण मान डोलवत असतो, आणि तिकडे त्या गाण्याच्या आडून एकाची सुटका चाललेली असते. आकाशचा पियानो याच घराण्यातला आहे. फक्त वहिदा दुसऱ्याचा जीव वाचवत होती, हा स्वतःचा वाचवतो आहे, आणि त्या नादात एका खुनाला साथही करतो आहे. गाण्याला अपराधात असे सामील करून घेणे पन्नासच्या दशकातल्या सोज्वळ नायकाला परवडले नसते. 'अंधाधुन'सारख्या चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या 'निओ-न्वार' या भारदस्त नावाचा अर्थ मला तरी एवढाच कळतो, की जुन्या काळोख्या गुन्हेपटांतला अंधार आता नायकाच्या मनापर्यंत आला आहे.

प्रश्न : 'अंधाधुन'मध्ये प्रमोद सिन्हा या जुन्या नटाची (सिमीच्या नवऱ्याची) गाणी दाखवली आहेत, ती चित्रपटासाठी नव्याने बनवली आहेत का?

उत्तर : नाही, ती खरीच जुनी आहेत. प्रमोद सिन्हाची भूमिका करणारे अनिल धवन हे सत्तरच्या दशकातले नायक, आणि पडद्यावर दिसणारे तरुण रूप त्यांचेच आहे. 'तेरी गलियों में ना रखेंगे कदम' हे 'हवस' (1974) मधले आहे. गायक महंमद रफी, संगीत उषा खन्ना यांचे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अनिल धवन बहुधा 'पिया का घर'मुळे (1972) आठवतील. तो चित्रपट राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (1970) या मराठी चित्रपटावरून केलेला होता. 'अंधाधुन' सुरू होताना 'छायागीत' आणि 'चित्रहार' या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांना मानवंदना दिली आहे. आपण उशिरा येऊन बसला असाल, तर ती पाटी हुकली असेल.