वाचकांचे प्रश्न : मार्क अँड्रीसन, नेटस्केपनंतर

प्रश्न : नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचे मार्क अँड्रीसन यांचे नाव आता स्टार्टअपमधील गुंतवणूकदार म्हणूनच वाचनात येते. कंपनी विकून आलेला पैसा ते इतरांच्या कंपन्यांत घालतात, एवढाच या बदलाचा अर्थ आहे का?

उत्तर : नाही. नेटस्केपची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. 1994मध्ये जिम क्लार्क यांच्यासह काढलेल्या या कंपनीचा समभाग पुढच्याच वर्षी 28 डॉलरला विक्रीस आला आणि पहिल्या दिवशी 58 डॉलरच्या वर बंद झाला. मायक्रोसॉफ्टने ब्राउझर फुकट वाटायला सुरुवात केल्यावर मात्र तिची पीछेहाट झाली आणि 1999मध्ये ती इंटरनेट सेवा देणाऱ्या एओएलकडे गेली. अँड्रीसन यांच्यातला गुंतवणूकदार, माझ्या मते, त्यानंतरच्या कमी गाजलेल्या आठ वर्षांत घडला.

1999मध्येच बेन होरोविट्झ आदी सहकाऱ्यांसह त्यांनी लाउडक्लाउड सुरू केली. इतर कंपन्यांच्या संकेतस्थळांसाठी सर्व्हर पुरवून ते सांभाळायचे, हा तिचा व्यवसाय होता (पुढे क्लाउड म्हणून जे रूढ झाले, त्याचेच हे आधीचे रूप). पण ग्राहकांत डॉटकॉम कंपन्यांचा भरणा असल्याने, त्या बुडू लागल्या तशी हिचीही आवक आटली. मार्च 2001मध्ये, बाजार कोसळलेला असताना, केवळ 6 डॉलर भावाने समभाग विक्रीस काढावे लागले. पुढच्या वर्षी मूळ व्यवसाय ईडीएस कंपनीला 6.35 कोटी डॉलरना देऊन टाकला आणि सर्व्हर सांभाळण्यासाठी कंपनीतच लिहिलेले सॉफ्टवेअर तेवढे जवळ ठेवून, ऑप्सवेअर या नव्या नावाने तेच विकायला घेतले. समभाग एक डॉलरच्याही खाली गेलेली ही कंपनी 2007मध्ये एचपीने सुमारे 1.6 अब्ज डॉलरना विकत घेतली. अडचणीतल्या संस्थापकाला नेमके काय विचारावे, हे अशा अनुभवाशिवाय सुचणे कठीण असते.

राहिला पैशाचा प्रश्न. ट्विटरसारख्या काही कंपन्यांत त्यांनी आधी स्वतःचा पैसा घातला होता. परंतु जुलै 2009मध्ये होरोविट्झ यांच्यासह अँड्रीसन होरोविट्झ ही गुंतवणूक संस्था काढून 30 कोटी डॉलरचा जो पहिला निधी उभारला, त्यासारख्या व्हेंचर फंडांत (नव्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या निधींत) मुख्यतः इतरांचे, म्हणजे पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी अशा संस्थांचे पैसे असतात. व्यवस्थापकांना त्यावर सर्वसाधारणपणे दरवर्षी 2 टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि नफ्यात 20 टक्के वाटा मिळतो. त्या पहिल्या निधीतले तब्बल 5 कोटी डॉलर एकट्या स्काइपमध्ये घालण्याचे धाडस त्यांनी केले. 2011मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप 8.5 अब्ज डॉलरना घेतल्याने ते फळाला आले, तरी नवख्या संस्थेने एवढा मोठा डाव एकाच ठिकाणी लावणे मला आजही जोखमीचेच वाटते.

प्रश्न : म्हणजे स्वतः कंपनी चालवलेला माणूसच चांगला गुंतवणूकदार होतो, असे म्हणावे का?

उत्तर : अँड्रीसन होरोविट्झ या संस्थेचा सुरुवातीचा आग्रह तोच होता, जनरल पार्टनर (गुंतवणुकीचे निर्णय घेणारा भागीदार) हा पूर्वी संस्थापक किंवा सीईओ असलाच पाहिजे, असा तिचा नियम होता. 2018मध्ये तिने स्वतःच तो सोडला आणि संस्थेतच वर चढत गेलेल्या कॉनी चॅन यांना त्या पदावर घेतले. संस्थापकाचा अनुभव कामी येतो तो प्रामुख्याने पैसे दिल्यानंतर, म्हणजे माणसे नेमताना किंवा धंद्याची दिशा बदलताना. कोणत्या कंपनीला पैसे द्यावेत, ही पारख वेगळी आहे. सेक्वोया या दुसऱ्या गुंतवणूक संस्थेच्या वतीने 1999मध्ये गूगलमध्ये गुंतवणूक करणारे मायकेल मॉरिट्झ तर त्या क्षेत्रात येण्यापूर्वी पत्रकार होते.