ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधल्या सगळ्या विंडोज मशीनना एकाच ठिकाणाहून सेटिंग द्यायची सोय) ऑफिस इन्स्टॉल होत नाही, स्क्रिप्ट हाताने चालवली की होतं. असं का?

ग्रुप पॉलिसीच्या ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’मध्ये एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) जोडायचा नाद सोडा. ऑफिस २०१० पासूनच तो मार्ग बंद आहे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ तर क्लिक-टू-रन या वेगळ्या पद्धतीने इन्स्टॉल होतं, त्यात जोडायला एमएसआय नसतेच. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल (अनेक मशीनवर ऑफिस टाकायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) घ्या, फाइल्स आधी शेअरवर (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये) डाउनलोड करून ठेवा आणि कॉम्प्युटर स्टार्टअप स्क्रिप्टमधून सेटअपला कॉन्फिगर स्विच आणि एक्सएमएल (सेटिंगची फाइल) द्या.

तुमची स्क्रिप्ट हाताने चालते कारण तेव्हा ती तुमच्या अ‍ॅडमिन खात्याने चालते. स्टार्टअपला ती ‘सिस्टीम’ या विंडोजच्या अंगभूत खात्याने चालते आणि शेअरवर जाते ती मशीनच्या खात्याने. म्हणून शेअर परमिशन आणि एनटीएफएस (फोल्डरची स्वतःची) परमिशन, दोन्हीकडे ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला (डोमेनमधल्या मशीनच्या गटाला) रीड द्या. बहुतेक जण एकच देतात आणि डोकं धरून बसतात. झेड ड्राइव्ह वगैरेही नको, त्या वेळी मॅप केलेला ड्राइव्ह नसतोच. स्क्रिप्टमध्ये आणि एक्सएमएलच्या सोर्सपाथमध्ये सर्व्हरच्या नावापासूनचा पूर्ण यूएनसी पाथ लिहा. डिस्प्ले लेव्हल नन (खिडकी दाखवू नको) आणि ईयूएलए (वापराचा करार) मान्य असंही एक्सएमएलमध्ये हवं, नाहीतर सेटअप कुणालाच न दिसणाऱ्या खिडकीत उत्तराची वाट बघत बसेल.

ग्रुप पॉलिसी स्क्रिप्ट संपायची वाट मुळात ६०० सेकंदच बघते. नेटवर्क संथ असेल तर ती मुदत वाढवा. ‘नेटवर्कसाठी थांबा’ ही पॉलिसीही चालू करा. ऑफिस आधीच असेल तर स्क्रिप्टने निमूट बाहेर पडावं, नाहीतर रोज सकाळी तेच.

चाचणी घेताना मशीन रिस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप (शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) चालू असेल तर शटडाउन करून काही उपयोग नाही. तरीही अडलं तर विंडोज फोल्डरच्या टेम्पमधला लॉग इथे टाका.