अमेरिकन कादंबऱ्या वाचून पोट भरेल का?

प्रश्न: मी कराडच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इंग्रजी. 'अभिजात अमेरिकन कादंबरीतील प्रेम, युद्ध आणि निसर्ग' हा विषय मी प्रकल्पासाठी घेतला आहे. पुढे यातच एम.ए., पीएच.डी. करावी, जमलं तर अमेरिकेला जावं असं मनात आहे. बाबा म्हणतात, "तिकडच्या लढाया वाचून इथं पगार कोण देणार? बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे." मी काय करू?

उत्तर: करिअरचं बोलण्याआधी तुझ्या विषयाचं बोलू, कारण खरी अडचण तिथं आहे. प्रेम, युद्ध आणि निसर्ग या तीन शब्दांत जगातल्या निम्म्या कादंबऱ्या बसतील. हॉथॉर्नपासून फॉकनरपर्यंत सगळ्यांना गोळा करून प्रत्येकाला दीड पान दिलंस, तर मार्क मिळतील, पण तू स्वतः काय वाचलंस ते परीक्षकाला कळणार नाही.

एकच पुस्तक घे. हेमिंग्वेची १९२९ची 'अ फेअरवेल टू आर्म्स' घे, पहिल्या महायुद्धातल्या इटलीच्या आघाडीवरची. तिचं पहिलंच पान बघ. गावातलं घर, समोर नदी, पात्रातले उन्हात पांढरे पडलेले गोटे, स्वच्छ पाणी. लगेच घरावरून सैन्य जातं, त्यांनी उडवलेली धूळ झाडांच्या पानांवर बसते, आणि त्या वर्षी पानं लवकर गळतात. अजून एक गोळी सुटलेली नाही, तरी युद्ध झाडांपर्यंत पोचलं आहे. पुढे नायिका कॅथरिन, एक नर्स, सांगते की तिला पावसाची भीती वाटते, कारण कधी कधी त्यात ती स्वतःला मेलेली बघते. कापोरेत्तोच्या लढाईत हरून इटलीचं सैन्य मागे हटतं. त्या माघारीत इटलीचेच लष्करी पोलीस आपल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालू लागतात, तेव्हा तिचा प्रियकर फ्रेडरिक, इटलीच्या सैन्यातला अमेरिकन अधिकारी, तालियामेंतो नदीत उडी टाकून जीव वाचवतो. नंतर ती दोघं रात्रभर होडी वल्हवत सरोवरातून स्वित्झर्लंड गाठतात. पाण्यानं त्यांना दोनदा तारलं. मग कॅथरिन मरते कशानं? बाळंतपणात, ज्या देशात युद्ध नाही तिथल्या इस्पितळात. फ्रेडरिक तिथून निघतो तेव्हा बाहेर पाऊस असतो.

या कादंबरीत निसर्ग आसरा आहे की वैरी? हा तुझा प्रकल्प. तिन्ही शब्द त्यात आपोआप येतील, शीर्षकात लिहायची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र बाळग. हेमिंग्वे १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर होता, तिथं जखमी झाला आणि मिलानच्या इस्पितळात एका नर्सच्या प्रेमात पडला. एवढं वाचून 'ही कादंबरी म्हणजे त्याचं आत्मचरित्र' असं लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. कापोरेत्तोची माघार १९१७च्या शरदातली आहे. तेव्हा हा मुलगा कॅन्सस सिटीच्या एका वर्तमानपत्रात नुकता बातमीदार झाला होता. जी माघार वाचताना अंगावर काटा येतो, ती त्यानं पाहिलेलीच नाही. स्टीफन क्रेन तर त्याच्याही पुढचा. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, क्रेन जन्मला १८७१ मध्ये, आणि 'द रेड बॅज ऑफ करेज' आली १८९५ मध्ये. त्यातला हेन्री रणांगणातून पळून जंगलात शिरतो आणि एका खारीला पाइनचं सुकं फळ फेकून मारतो. खार पळते. त्याला हायसं वाटतं: संकट दिसलं की पळायचं, हाच निसर्गाचा नियम! पुढे फांद्यांच्या कमानीखाली एखाद्या देवळासारख्या शांत जागी तो पोचतो, तर तिथं सैनिकाचं प्रेत आणि त्याच्या चेहऱ्यावर मुंग्या. या पुस्तकात प्रेमकथा जवळपास नाहीच, म्हणून ते तुझ्या यादीतून गळलं असेल. परत घाल. हेमिंग्वेशी तुलना करायला याच्याइतकं चांगलं दुसरं मिळणार नाही.

आता बाबांचं म्हणणं. ते चिडून बोलले असले तरी निम्मे बरोबर आहेत. एम.ए. झाल्यावर नेट किंवा सेट काढली की सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता येते, नोकरी येत नाही. महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजांतल्या कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि पात्रताधारक मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या पैशांत शिकवत राहतात. हे तुझ्या कॉलेजातल्या तरुण सरांना, मॅडमना एकट्यात विचार. ते खरं सांगतील. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर चित्र बदलतं: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. म्हणून एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून लक्ष्य जेआरएफचं ठेव, नुसत्या पात्रतेचं नको. एम.ए.साठी पुणे-मुंबईबरोबर हैदराबादच्या इफ्लूचाही, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचाही, अर्ज भर.

बी.एड.ला मात्र नाक मुरडू नकोस. आयसीएसई आणि आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांना कादंबरी मुळातून शिकवू शकणारी माणसं लागतात. विला कॅथर पिट्सबर्गमध्ये शाळेत शिकवत होती, मग मासिकाची संपादक झाली, नेब्रास्काच्या माळरानावरच्या मोठ्या कादंबऱ्या त्यानंतर आल्या. 'मोबी डिक'वाला मेलव्हिल न्यूयॉर्कच्या कस्टम खात्यात १९ वर्षं नोकरी करत होता. साहित्यावर ज्यांचं घर चाललं नाही अशांची यादी करायला बसलीस तर अर्धा अभ्यासक्रम त्यात येईल! आणि बाबांना हेही सांग की यूपीएससीच्या इंग्रजी साहित्य या वैकल्पिक विषयात मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' नेमलेली आहे. मनापासून त्या वाटेला जाणार असशील तर हे वाचन तिथंही कामी येतं. पण केवळ घरची कटकट थांबावी म्हणून स्पर्धा परीक्षेत तीन-चार वर्षं घालवू नकोस.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथलं एम.ए. बहुतेक वेळा स्वखर्चानं करावं लागतं. कर्ज काढून ते करू नकोस, हे मी ठामपणे सांगते. पीएच.डी.ला सहसा फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं, पण जागा थोड्या, आणि अलीकडे काही मोठ्या विद्यापीठांनी मानव्यविद्यांच्या जागा आणखी कमी केल्या आहेत. प्रवेशात साधारण पंधरा-वीस पानांच्या लेखननमुन्याला फार वजन असतं. 'प्रेम, युद्ध आणि निसर्ग' या मथळ्याचा निबंध तिथं पहिल्या चाळणीतच बाद होईल. खारीच्या प्रसंगावरची पंधरा पानं टिकू शकतात. दुसरी वाट म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी भारतात करायची आणि फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर काही महिने तिकडच्या ग्रंथालयांत काम करायचं. तुझ्यासारखीला ही जास्त परवडेल. त्यांची मास्टर्सची फेलोशिपही आहे, पण तिला तीन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो.

तुझ्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि तेच मला खटकलं. तुला मराठी येतं. आयोवातल्या विद्यार्थ्याला हेमिंग्वे तुझ्याहून जवळचा असेल, पण त्याच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'मधला म्हातारा कोळी पु. ल. देशपांड्यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादात कसा बोलतो, 'द यर्लिंग' या कादंबरीतला फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी आणि त्याचं हरणाचं पिल्लू राम पटवर्धनांच्या 'पाडस'मधून आपल्याकडे किती घरांत वाचलं गेलं, 'वॉल्डन'वाल्या थोरोला मराठीत आणताना दुर्गा भागवतांनी काय केलं, हे त्याला कुठून कळणार? पुढे पीएच.डी.साठी इथं विषय आहे, आणि कामही आहे. मराठी प्रकाशक अनुवादक शोधतात, ओटीटीला सबटायटल लागतात, संपादनाची कामं निघतात. सुरुवातीला पैसे कमी मिळतात, हे खरं. तरीही शिकत असताना हाताशी एक कसब तयार होतं.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत 'फेअरवेल'चं पहिलं प्रकरण मराठीत कर, जेमतेम दोन-तीन पानांचं आहे. प्रकाशकाला दाखवायला नमुना होईल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेला, त्यामुळे त्यानं हयातीत छापलेली पुस्तकं २०२२ पासून इथं मोकळी आहेत. स्टाइनबेक गेला १९६८ मध्ये. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'चा अनुवाद छापायचा मनात आला, तर २०२८ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.