खाडीचे पाणी भातखाचरात शिरले? जिप्सम थांबवा, आधी पाणी काढा

प्रश्न (अलिबाग-पेण खारपट्ट्यातून): अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडली. दोन दिवस खारे पाणी शेतात उभे होते. दुकानदार म्हणतो, एकरी दहा पोती जिप्सम टाका, वर ह्युमिक आम्ल सोडा आणि चार दिवसांत लावणी उरका. करावे का?

उत्तर: अजिबात नाही. जिप्सम मीठ खात नाही. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सुटा करणे एवढेच त्याचे काम, आणि त्याची गरज सामू (पीएच) 8.5 च्या वर गेलेल्या चोपण जमिनीला. खारपट्ट्यातली जमीन बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त असते, चोपण नव्हे. तिच्यातले मीठ पाण्याबरोबरच बाहेर जाते. माती तपासल्याशिवाय जिप्समचे एक पोतेही उचलू नका.

हिशेब बघा. एका एकरात 10 सेंटिमीटर निव्वळ समुद्राचे पाणी उभे राहिले तर त्यात साधारण 14 टन मीठ असते. पावसाळ्यात खाडीचे पाणी पातळ होते हे खरे, पण ते शेतातच आटू दिले तर असेल तेवढे मीठ मातीत बसते. म्हणून पहिली धाव दुकानाकडे नको, उघाडीकडे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे हवी. दारात प्लास्टिक, ओंडका, दगड अडकला की ओहोटीला पाणी निघत नाही आणि भरतीला आत येत राहते. मासळीसाठी दाराला टेकू लावून ठेवणाऱ्याला गावाने त्याच दिवशी अडवावे. टोपलीभर मासळीपायी अख्ख्या खारातली शेती जाते.

खांड भांगाच्या, म्हणजे भरती छोटी असते त्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या सुमारास बांधा. उधाणात ओतलेली माती पुढच्या भरतीला वाहून जाते. चिकणमाती वीतभर थराने घाला आणि प्रत्येक थर तुडवा. एकदम ढीग ओतला की बांध आतून पोकळ राहतो. खेकड्यांची बिळे वरून बुजवून भागत नाही, उकरून ठासून भरावी लागतात. बिळातली बारीक धारच पुढे खांड होते.

बांध धरला की पावसाचे पाणी 10 ते 15 सेंटिमीटर अडवा, दोन-तीन दिवस ठेवा आणि ओहोटीला पूर्ण सोडा. असे तीन-चार वेळा करा. बाटलीतले कोणतेही औषध याची बरोबरी करत नाही, आणि या पाण्याला पैसाही पडत नाही. चिखलणी मात्र त्याआधी नको, घट्ट चिखलातून मीठ खाली झिरपत नाही. मग वरच्या 15 सेंटिमीटरची आणि त्याखालच्या 15 सेंटिमीटरची माती वेगवेगळी तपासून घ्या. ईसी (मातीतल्या क्षारांचे माप, डेसिसायमन प्रति मीटर) 4 च्या खाली आल्यावरच लावणी. उघडीप पडल्यावर वाफ्याच्या कडेला मिठाची पांढरी साय धरत असेल, तर चार दिवस काय, पंधरा दिवस थांबा.

भाताची जात पनवेल 1, 2 किंवा 3 घ्या. रोप 30-35 दिवसांचे हवे आणि एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) चार-पाच रोपे लावा. कोवळे रोप खाऱ्यात टिकत नाही.

लावणीनंतर पानांचे शेंडे पांढुरके होऊन वरून खाली जळत आले, तर बहुधा ते मिठाचे भाजणे असते. करपा या बुरशीरोगाचे ठिपके पानाच्या मध्ये, डोळ्याच्या आकाराचे असतात. शेंडे जळाले म्हणून दुकानदार बुरशीनाशक देईल, घेऊ नका. पाणी बदला.

युरियाचेही तेच. पीक पिवळे दिसले की दुप्पट मारा असे सांगतील. एकरी 40 किलो नत्र संपूर्ण हंगामासाठी पुरे: 40 टक्के लावणीला, 40 टक्के फुटव्याला, 20 टक्के लोंबी धरताना. नुसता युरिया वापरत असाल तर एका वेळी 35 किलोच्या वर जाऊ नका, आणि साचलेल्या खाऱ्या पाण्यात तर तो कधीच फेकू नका. खाऱ्या मातीत पालाश बहुधा पुरेसा असतो. अहवालात कमी दिसल्याशिवाय म्युरेट ऑफ पोटॅश आणू नका, त्यात क्लोराइड आहे.

प्रश्न: बांधाबाहेरची तिवरे (कांदळवनाची झाडे) तोडली तर पाणी लवकर निघेल का?

उत्तर: तोडू नका. लाटेचा पहिला तडाखा तिवरे घेतात, ती गेली की तो थेट बांधावर बसतो. शिवाय कांदळवन तोडणे गुन्हा आहे, जागा खासगी असली तरी. पाणी अडते ते उघाडीत, तिवरांत नव्हे.

खांड पडल्याचे फोटो काढून त्याच दिवशी तलाठ्याकडे आणि खारभूमी विभागाकडे लेखी द्या. पीक विमा उतरवला असेल तर नुकसान लगेच विमा कंपनीला कळवा.