टेस्लाची बिनबॅटरीची गाडी

प्रश्न : निकोला टेस्लाने 1931 साली हवेतली वीज घेऊन बॅटरीशिवाय गाडी चालवली, असं वाचलं. ते तंत्र दडपलं गेलं का? आणि चाकाला अल्टरनेटर (फिरवल्यावर वीज देणारं यंत्र) जोडून धावता धावता बॅटरी भरून घेतली, तर चार्जिंगची कटकट मिटणार नाही का?

उत्तर : दडपायला आधी काहीतरी असावं लागतं! गोष्ट अशी सांगतात : अमेरिकेतलं बफेलो शहर, पिअर्स-अ‍ॅरो गाडी, इंजिनाच्या जागी 80 हॉर्सपॉवरची मोटर, बारा व्हॉल्व्हची (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांची) पेटी, सहा फुटी अँटेना. तपशील झकास, पण त्या काळातला पुरावा एकही नाही. गोष्ट पसरली तीही टेस्ला 1943 मध्ये वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

पुरावा राहू द्या, हिशेब करू. 80 हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 60 किलोवॅट. हवेत वीज असते हे खरं. पण निरभ्र दिवशी चौरस मीटरमागे जमिनीकडे वाहणारा प्रवाह किती? एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम दोन. वरच्या वातावरणापर्यंतचा अडीच लाख व्होल्टचा सगळा दाब हाती आला असं धरलं, तरी चौरस किलोमीटरमागे अर्धा वॅट. म्हणजे गाडीसाठी लाखभर चौरस किलोमीटर आभाळ पिळावं लागेल. सहा फुटी दांडीचं ते काम नव्हे.

फुकट ऊर्जेचे दावे करणाऱ्या मंडळींत मला सगळ्यात रस आहे तो बोस्टनच्या गाराबेड गिरागोसियन यांच्यात. ते लबाड नव्हते, असं माझं मत. त्यांच्या ‘फुकट ऊर्जे’च्या यंत्राची तपासणी व्हावी म्हणून अमेरिकन काँग्रेसने चक्क ठराव केला आणि 1918 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यावर सही केली. शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिलं, तर निघालं एक भलंमोठं फ्लायव्हील, म्हणजे ऊर्जा साठवणारं जड चाक! छोट्या मोटरने त्याचा वेग सावकाश वाढवत न्यायचा आणि मग ते झटक्यात थांबवायचं. समजा 50 वॅटची मोटर दहा मिनिटं चालली. चाकात 30 हजार ज्यूल साठले. तेच चार सेकंदांत काढून घेतले, की साडेसात हजार वॅट, म्हणजे दहा हॉर्सपॉवर दिसतात. मोजमाप बरोबर, पण चारच सेकंद! म्हणून असल्या यंत्राची ताकद कुणी सांगितली, की मी आधी विचारतो, ‘किती वेळ?’

आता तुमचा अल्टरनेटर. विद्युतयंत्रांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं शिकवताना हा प्रश्न आला, की मी उत्तर देत नसे, एकाच शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) जोडलेला मोटर-जनरेटरचा सेट चालू करायचो. जनरेटर मोकळा फिरतोय तोवर सगळं गोडीगुलाबीचं. लॅम्प लोडचा, म्हणजे जनरेटरवर चालणाऱ्या दिव्यांचा, पहिला स्विच टाकला, की मोटरचा आवाज किंचित बसतो. चौथा-पाचवा टाकेपर्यंत मोटरच्या बाजूच्या, प्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा चांगलाच वर चढलेला असतो आणि मागच्या बाकावरचे हुशार गप्प होतात. जनरेटर वीज देतो तो शाफ्टला मागे ओढूनच. तुमच्या चाकावरही तेच होईल : बॅटरीत जेवढं भरेल त्याहून जास्त बॅटरी गाडी ढकलण्यात खर्च करेल, कारण वाटेत तारा, बेअरिंग आणि खुद्द बॅटरी आपापला वाटा गरम होऊन घेतात.

ब्रेक लावताना किंवा उतारावर मात्र ही ओढ आपल्याला हवीच असते. तिथे आजच्या विजेच्या गाड्या मोटरचाच जनरेटर करतात आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत गेली असती त्यातली थोडी ऊर्जा बॅटरीत परत घेतात. तेव्हा तुमचा अल्टरनेटर गाडीत आधीपासूनच आहे, वेगळा जोडायची गरज नाही.