केतुबा पेटीत राहिली आणि पंचाहत्तरी उलटून गेली

आजोबांच्या पेटीत सापडलेल्या वस्तूंबद्दलची पत्रं या सदराकडे सतत येतात. कुणाकडे मोडी दप्तर असतं, कुणाकडे पितळी दीपलक्ष्मी, कुणाकडे रंगीत चित्रांची पोथी. प्रश्न एकच: वस्तू आमची, गिऱ्हाईक परदेशात, मग अडचण काय? या वेळी हाच प्रश्न ठाण्याच्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, वाचकाने विचारला आहे. त्यांच्या सागवानी पेटीत चार गोष्टी आहेत. आजी-आजोबांची केतुबा, म्हणजे लग्नाचा हिब्रू करारनामा, भोवती हाताने रंगवलेल्या वेलबुट्टीचा. पुण्यात १८७४ साली छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या जेवणावेळी वाचायची पोथी. सेफेर तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, दांड्यांवर बसवतात ती घुंगरांची चांदीची रिम्मोनांची जोडी. आणि किद्दुशचा, म्हणजे शब्बाथ आणि सणांच्या द्राक्षरसावरच्या प्रार्थनेचा, चांदीचा पेला. न्यूयॉर्कचा एक व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारतोय. इस्रायलमधल्या दिमोनाचा मावसभाऊ घरच्या मलिद्याला, म्हणजे प्रार्थना आणि नैवेद्याच्या समारंभाला, येतोय, तो परत जाताना सगळं बॅगेतून नेईल, असा बेत आहे.

साहेब, बेत आजच मोडा. कारण सांगतो.

तुमच्या चार पानी पत्रात तीन पानं मालकी सिद्ध करण्यात गेली आहेत. वंशावळ, वडिलांचा मृत्यूचा दाखला, पेटी २०१६ पासून तुमच्या ताब्यात असल्याचं बहिणीचं पत्र. पण निर्यातीच्या प्रश्नात मालकी दुय्यम आहे. पुरावस्तू आणि कला-खजिना अधिनियम, १९७२ या कायद्याचं कलम ३ सांगतं की पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेला आहे, दुसऱ्या कुणाला नाही. तुम्ही शंभर टक्के मालक असलात तरी वस्तू पुरावस्तू ठरली की ती सीमेपलीकडे पाठवता येत नाही. तेव्हा खरा प्रश्न एवढाच की कोणती वस्तू पुरावस्तू ठरते.

इथे व्याख्येत दोन आकडे आहेत आणि बहुतेकांना त्यातला एकच माहीत असतो. शंभर वर्षं. शिल्प, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू, गतकाळातील धर्म, साहित्य, चालीरीती दाखवणारी वस्तू, या सगळ्यांना शंभर वर्षांची अट आहे. पण हस्तलिखित, अभिलेख किंवा इतर दस्तऐवज, ज्याला शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मूल्य आहे, त्याला पंचाहत्तर वर्षं पुरतात. तुम्ही लिहिता, ‘केतुबा शंभरची नाही, म्हणून ती चालेल.’ चालणार नाही. केतुबा दस्तऐवज आहे. छापील कोऱ्या नमुन्यावर नावं हाताने भरलेली असती तरी दस्तऐवजच राहिली असती.

आता तारीख. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसऱ्या ओळीत किस्लेव महिना आणि ५७०८ साल दिसतंय. त्यावरून तुम्ही १९४८ धरलंय. हिब्रू सालातून ३७६० वजा केले की इसवी सन येतो हे बरोबर, पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे डिसेंबर संपेपर्यंतच्या महिन्यांना ३७६१ वजा करायचे. म्हणजे लग्न १९४७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातलं. पंचाहत्तर वर्षं २०२२ च्या अखेरीस भरली.

आणि इथे मला तुमच्यावर चिडायचा अधिकार आहे. पत्रातच तुम्ही लिहिलंय की २०१७ साली याच मावसभावाने केतुबा मागितली होती, कुणा वकिलाला विचारून रीतसर पाठव म्हणाला होता, आणि तुम्ही ‘बघू पुढे’ म्हणून पेटीला कुलूप लावलंत. त्या वर्षी तो कागद सत्तर वर्षांचा होता. कायद्याच्या लेखी पुरावस्तू नव्हता. पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेतलं असतं तर केतुबा आज दिमोनात भिंतीवर असती आणि कुणाची हरकत नसती. ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता आकडा ओलांडला गेला. कोर्टाच्या दिरंगाईला आपण सगळेच शिव्या घालतो, पण ही दिरंगाई कोर्टाची नव्हती.

मग केतुबा सुटण्याचा काहीच मार्ग नाही का? एक आहे, अरुंद. नुसतं वय पुरत नाही, मूल्यही लागतं. तुम्ही म्हणू शकता की हा दोन सामान्य माणसांचा घरगुती करार आहे, अशा केतुबा कोकणातल्या आणि मुंबईतल्या शेकडो घरांत आहेत, यात ऐतिहासिक काय? युक्तिवाद वाईट नाही. फक्त तो तुमच्या तोंडी शोभत नाही, कारण न्यूयॉर्कच्या माणसाला तुम्हीच लिहिलंय, ‘अत्यंत दुर्मीळ, ऐतिहासिक, अप्रतिम कलाकुसर’. भाव वाढवायला वापरलेली ही विशेषणं आणि कायद्याच्या व्याख्येतली विशेषणं एकच आहेत. चॅटचे स्क्रीनशॉट कस्टम्सच्या हाती लागले तर युक्तिवाद तिथेच संपतो. आणि रंगवलेली वेलबुट्टी सौंदर्यमूल्याकडे बोट दाखवतेच.

एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही असा वाद उभा राहिला तर निर्णय ना मी देणार, ना व्यापारी, ना विमानतळावरचा शिपाई. कलम २४ प्रमाणे तो पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. अंतिम म्हणजे रिट याचिका करता येतच नाही असं नाही, पण त्या वाटेने गेलात तर निकाल तुम्हाला वाचायला मिळेल की तुमच्या मुलाला, हे मी छातीठोक सांगणार नाही.

मावसभावाच्या बॅगेचं. तुमचं म्हणणं, ‘तो परदेशी नागरिक, बॅग त्याची, मी कुठे येतो?’ कलम २५ चे शब्द नीट वाचा: स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्या व्यक्तीकरवी निर्यात करणारा, किंवा तसा प्रयत्न करणारा. म्हणजे विमान उडायचीही गरज नाही. शिक्षा सहा महिन्यांपेक्षा कमी नाही, तीन वर्षांपर्यंत, वर दंड. कस्टम्सची जप्ती आणि दंड वेगळे. किमान शिक्षा कायद्यानेच ठरवलेली आहे, हे लक्षात घ्या. न्यायाधीश कितीही कनवाळू असला तरी दोष सिद्ध झाल्यावर त्याचे हात बऱ्यापैकी बांधलेले असतात. मलिद्याला आलेल्या पाहुण्याला सहार विमानतळावर जबाब द्यायला बसवायचं का, याचा विचार करा.

व्यापाऱ्याने सुचवलेली दुसरी वाट, कुरिअरच्या पावतीवर ‘जुने कागद, भेट, किंमत २० डॉलर’ लिहायची, ती तर याहून वाईट. बॅगेच्या बाबतीत निदान अजाणतेपणा सांगता येतो. खोट्या पावतीनंतर हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

हग्गादेवर जास्त वेळ घालवत नाही. खरी १८७४ ची असेल तर १९७६ च्या एप्रिलमध्ये कायदा अमलात आला तेव्हाच ती शंभरी ओलांडून बसली होती. निर्यात विसरा. मात्र आधी ती खरी आहे का ते बघा. या पुणेरी हग्गादेची हुबेहूब प्रतिकृती नंतर परदेशात निघाली आणि ती बऱ्याच घरांत पोचली. पहिल्या पानावर साडी नेसलेल्या बायका मात्साच्या (बिनखमिराच्या) भाकऱ्या करताना दिसतात म्हणून प्रत अस्सल, असं होत नाही, ते चित्र प्रतिकृतीतही आहे. कागद, बांधणी, आणि मागच्या बाजूला इंग्रजी प्रस्तावना किंवा अलीकडच्या प्रकाशकाचं नाव आहे का, हे पाहा. प्रतिकृती असेल तर ती खुशाल पाठवा, त्या व्यापाऱ्याचा उत्साह आपोआप मावळेल.

पेल्याचं सोपं आहे. तो आजी-आजोबांच्या त्याच लग्नातला आहेर असेल तर त्याला पंचाहत्तरीचा नियम लागत नाही, शंभरीचा लागतो, आणि शंभरीला अजून अवकाश आहे. पण लग्नातला आहेर म्हणजे तेव्हा नवा घडवलेला असंही नाही. सोनार-पारख्याकडून शिक्का तपासून घ्या आणि प्रमाणपत्र घेऊनच न्या.

रिम्मोनांवर मात्र मी थांबणार आहे, कारण त्यात मालकीचा प्रश्न खरोखर आहे आणि नेमका तोच तुम्ही एका वाक्यात उडवलात. फोटो मोठा करून पाहिला. डाव्या रिम्मोनाच्या तळाशी, घुंगरांच्या कडीखाली, देवनागरीत कोरलंय: ‘मशिदीस अर्पण’. बेने इस्रायली घरांत सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणायची जुनी रीत आहे, तेव्हा अर्थाचा घोळ नाही. तुम्ही लिहिता की अलिबाग तालुक्यातल्या तुमच्या गावची मंडळी इस्रायलला गेली, मशीद बंद पडली, आणि काकांनी ही जोडी ‘सांभाळायला म्हणून’ घरी आणली. सांभाळायला आणलेली वस्तू वारसाने मिळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या व्याख्येत सिनेगॉगचा उल्लेख नावानिशी आहे. त्या मशिदीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत अजून असेल, आणि दरवाजाला कुलूप असलं तरी नोंद सहसा असते, तर ही जोडी ट्रस्टची मालमत्ता असण्याचा दाट संभव आहे. ‘चाळीस वर्षं आमच्याकडे आहे’ हे सांगू नका. मुदत कायद्याचं कलम १० विश्वस्ताच्या आणि त्याच्या वारसांच्या हातातल्या मालमत्तेला मुदतीचं संरक्षण देत नाही. काकांना विश्वस्त म्हणायचं की नुसता राखणदार, यावर वाद घालता येईल, पण तो वाद आरोपीच्या पिंजऱ्यातून घालायची वेळ आणू नका.

तुम्ही कोडेक्स ससूनचं उदाहरण दिलंय. हजारेक वर्षांपूर्वीचं ते हिब्रू बायबल १७ मे २०२३ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं, ज्यांचं नाव त्याला मिळालं ते डेव्हिड सॉलोमन ससून १८८० साली मुंबईत जन्मले, मग आम्हीच का अडकावं? एक तर ससूनांनी ते १९२९ मध्ये घेतलं तेव्हा त्यांचा मुक्काम आणि संग्रह लंडनला होता. ३५० पौंडांच्या त्या खरेदीला भारताचा निर्यात कायदा लागायचा प्रश्नच नव्हता. दुसरं, तुमच्यासारखीच गोष्ट त्या ग्रंथातही आहे. सीरियातल्या माकिसीनच्या सिनेगॉगला तो अर्पण झाला होता, ते उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा बांधलं जाईपर्यंत एका माणसाच्या स्वाधीन करण्यात आला, आणि सिनेगॉग पुन्हा उभं राहिलंच नाही. फरक इतकाच की माकिसीनच्या बाजूने आज दावा करायला कुणी उरलेलं नाही. तुमच्या गावच्या मशिदीच्या बाजूने धर्मादाय आयुक्त आहेत.

आणि बाजारही पूर्वीचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्येच एका लिलावगृहाकडून पूर्व युरोपातल्या ज्यू समाजांच्या हस्तलिखित नोंदवह्या आणि अंत्यविधीची भेंडोळी अमेरिकी अधिकाऱ्यांनी जप्त केली, कारण त्या समाजांनी ती स्वखुशीने विकली असं कुणालाच दाखवता आलं नाही. भारत आणि अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये सांस्कृतिक वारशाचा करार झालाय. मुंबईतून सुटलं म्हणजे न्यूयॉर्कला पचलं, असं समजू नका.

भारतातल्या भारतात विकायचं असेल तर वाट बरीच मोकळी आहे. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. घरची वस्तू एकदा विकणं हा सहसा धंदा होत नाही. केतुबेवरचं चित्रकाम हाताचं असल्यामुळे ती नोंदणीच्या यादीत बसते का, हे नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा. बसत असेल तर आधी नोंदणी करा, विक्रीनंतर हस्तांतर कळवा. इथली लिलावगृहं अशा वस्तूंवर ‘निर्यातयोग्य नाही’ असा शेरा मारून विकतात आणि भाव अर्थातच पडतो. नवा कायदा येतोय म्हणून थांबू का, असंही विचारलंत. २०१७ साली एक मसुदा आला होता, तो कायदा झाला नाही, आणि झाला असता तरी खासगी निर्यात त्यात मोकळी नव्हती.

विकण्याआधी एक विसरू नका. ज्यू कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे आई आणि बहीण दोघी वाटेकरी आहेत. पेटी तुमच्याकडे असल्याचं बहिणीचं पत्र ही ताब्याची कबुली आहे, हक्कसोड नव्हे. दोघींची लेखी संमती घ्या.

आता कामं. या आठवड्यात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून गावच्या मशिदीच्या ट्रस्टचा नोंदवहीतला उतारा काढा आणि जंगम मालमत्तेच्या यादीत रिम्मोन आहेत का ते पाहा. केतुबा खरोखर नातेवाइकांकडेच जावी अशी इच्छा असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. नकार आला तर तो कायमचा चिकटेल, हे गृहीत धरून करा. नुसता भाव मिळवायचा असेल तर तो अर्ज करूच नका. मावसभावाला चांगले स्कॅन काढून द्या, त्यावर बंदी नाही. आणि व्यापाऱ्याला आजच एका ओळीत कळवा की विक्री थांबवली आहे. कारण लिहू नका, आधीचं चॅट पुसू नका, आणि माझ्याकडे याल तेव्हा तो फोन सोबत आणा.