मलबार हिल, पण गुडघ्यांना विचारून

प्रश्न : आम्ही सोलापूरचे. पुढच्या महिन्यात सासूसासऱ्यांना घेऊन मुंबईला येतोय, मोकळा दिवस एकच. सासऱ्यांनी लहानपणी पाहिलेला म्हातारीचा बूट (बागेतलं ते बुटाच्या आकाराचं, मुलांनी आत चढायचं घर) त्यांना नातवाला दाखवायचाय, सासूबाईंना बाणगंगा हवीय, पोराला चौपाटी. हे सगळं चालत होईल का? सासऱ्यांचे गुडघे दुखतात पण टॅक्सीचं नाव काढलं की चिडतात.

उत्तर : होईल की, पण सगळंच चालत नको. चार किलोमीटर म्हणजे काय एवढं असं नकाशात बघून वाटतं, पण नकाशात चढ दिसत नाही ना. मलबार हिल ही खरीखुरी टेकडी आहे. पूर्वी मी सगळ्यांना ठोकून सांगायचे की वर टॅक्सीने जा आणि उतरताना चाला, मग एकदा आईला तसंच सिरी रोडने खाली चौपाटीवर आणलं आणि पुढचे दोन दिवस ती जिना उतरताना माझ्या नावाने बोटं मोडत होती. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो हे तेव्हा कळलं. म्हणून आता सल्ला बदललाय, चढ आणि उतार दोन्ही टॅक्सीला द्या, सपाटी पायांना. सासऱ्यांना सांगा टॅक्सी नातवासाठी केलीय, चालेल त्यांना.

सुरुवात बाणगंगेपासून करा, दुपारी तीन-साडेतीनला. वाळकेश्वर रोडवरून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, तेवढ्या हळूहळू उतरा, घाई कसली. खाली पोचलं की मुंबई एकदम गप्प होते, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्ये तळं, देवळं, दीपमाळा, बदकं. समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर तरी पाणी गोडं, कारण खाली जिवंत झरा आहे. रामाला तहान लागली तेव्हा बाण मारून हे पाणी काढलं अशी कथा, आणि त्याने पूजेला वाळूचं लिंग केलं म्हणून वाळुकेश्वर, त्याचंच पुढे वाळकेश्वर. तळं शिलाहार राजांच्या काळातलं, 1127 साल सांगतात. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, नंतरचं 1715 च्या सुमारास रामा कामती या व्यापाऱ्याने बांधलं. सासूबाईंना इथे अर्धा तास कमीच पडेल, घड्याळ दाखवू नका.

तिथून टॅक्सीने थेट हँगिंग गार्डन. (लटकणारं काही नाहीये, पोराला आधीच सांगून ठेवा, माझा भाचा रडला होता.) गंमत पायाखाली आहे, ही बाग 1880 च्या सुमाराला पाण्याच्या टाकीवर केलीय आणि दक्षिण मुंबईतल्या कितीतरी घरांचं पाणी आजही इथूनच जातं. मध्यंतरी टाकी पाडून नवी बांधायचं घाटत होतं, झाडं जाणार म्हणून आजूबाजूचे लोक चिडले, विरोध झाला आणि दुरुस्तीवर आलं प्रकरण. कागदावरचं नाव फिरोजशहा मेहता उद्यान, पण टॅक्सीवाल्याला हँगिंग गार्डनच सांगा. कापून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं आहेत, बाकडी आहेत, वाटा सपाट, आजोबा इथे मनसोक्त चालू शकतील.

रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क. बूट आहे अजून तिथेच. बूट मुलांसाठी आहे त्यामुळे आजोबांनी खालूनच फोटो काढावेत. पण खरी जागा बूट नाहीच, कठड्याशी जा, खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते. दिवे लागेपर्यंत थांबा, एवढं माझं ऐका.

हातात वेळ असेल तर मार्च 2025 मध्ये सुरू झालेला लाकडी नेचर ट्रेलही करून घ्या, सिरी रोडच्या बाजूने आत शिरायचं, 485 मीटर, झाडांच्या उंचीवरून चालायचं. तिकीट 25 रुपये होतं, बुकिंग आधी ऑनलाइन करा नाहीतर गेटवर मोबाइल घेऊन झगडत बसाल.

मग टॅक्सीने खाली चौपाटी. वाळूत बसा, भेळ, कुल्फी जे काय ते. लोकमान्यांचा पुतळा सासऱ्यांना दाखवा, 1920 मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथेच झाले होते. परतीला चर्नी रोड स्टेशन समोरच, पूल ओलांडला की झालं.

प्रश्न : जुलैत मित्रांसोबत मरीन ड्राइव्ह पूर्ण चालणार आहोत. टेट्रापॉडवर (कठड्याखाली समुद्राच्या बाजूला रचलेले ते काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) उतरून फोटो काढले तर चालतात का? (नाशिक)

उत्तर : नाही. शेवाळ असतं, पाय सटकला की माणूस दोन दगडांच्या फटीत जातो आणि मागून लाट येते. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी तर कठड्यावरही बसू नका. भरतीची वेळ आधी बघून ठेवा, नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे चाला आणि भिजायचंच असेल तर फुटपाथवर भिजा, पाणी तिथपर्यंत आपणहून येतं.